पीएचडीआधीचं एक वर्ष : अमेरिकेतला ‘प्रेप’ कार्यक्रम किती कामाचा?

बायोमेडिकल पीएचडीच्या अर्जात मार्कांपेक्षा दोन गोष्टी जास्त वजनाच्या असतात. उमेदवाराने लॅबमध्ये स्वतःच्या हाताने किती काम केलंय, आणि ते काम जवळून पाहिलेला शास्त्रज्ञ शिफारसपत्रात काय लिहितो. छोट्या कॉलेजात शिकलेल्या, संध्याकाळी दुकानात उभं राहून फी भरलेल्या मुलांना हुशारी असूनही नेमकं हेच मिळालेलं नसतं. ही उणीव भरायला ‘प्रेप’ (पोस्टबॅकलॉरिएट रिसर्च एज्युकेशन प्रोग्रॅम) आहे : पदवीनंतर साधारण एक वर्ष पगारी संशोधन. २०२५च्या कपातीपर्यंत पैसा एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन यंत्रणेतल्या एनआयजीएमएस या संस्थेचा असायचा, चालवणारी विद्यापीठं. जॉन्स हॉपकिन्स, चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, टफ्ट्स, व्हर्जिनिया टेक अशा ठिकाणी तो चालत आला आहे.

आधी पात्रता. अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, आणि पदवी मिळून तीन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना इथे दार बंद. कार्यक्रम विज्ञानात कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांसाठी होता. तिथल्या मराठी घरांतली मुलं त्याच्या वांशिक निकषात बसत नव्हती, कारण एनआयएचच्या अशा गटांच्या यादीत आशियाई वंशाचे लोक नव्हते. पण यादी तिथेच संपत नव्हती. अपंगत्व हा वेगळा निकष होता. आईवडिलांपैकी कुणाकडेच पदवी नसणं, पेल ग्रँटची (गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षण-मदतीची) पात्रता, शाळेत दोन किंवा जास्त वर्षं मोफत वा सवलतीचं जेवण, अशांपैकी दोन गोष्टी लागू असल्या तरी वंचित पार्श्वभूमी धरली जायची. ‘आपलं काही होणार नाही’ म्हणून अर्जच न करणं ही इथली सर्वांत महागडी चूक.

वेळेची वाटणी साधारण ७५ टक्के लॅब आणि २५ टक्के अभ्यास, लेखन, मुलाखतीची तयारी अशी असते. ही वाटणी आम्हाला पटते. कॉलेजच्या मार्कपत्रिकेत एखादा विषय कच्चा राहिला असेल, तर त्या २५ टक्क्यांत बायोस्टॅटिस्टिक्ससारखा पीएचडी पातळीचा एकच कोर्स घ्यावा आणि त्यात चांगला ग्रेड आणावा. तीन कोर्स घेतले की लॅब मागे पडते.

आता खरी अडचण, जी माहितीपत्रकात लिहिलेली नसते. तुकडी जून-जुलैत सुरू होते आणि पीएचडीचे बरेच अर्ज १ डिसेंबरच्या सुमारास बंद होतात. म्हणजे ‘एक वर्ष’ म्हणतात, पण अर्जात दाखवायला हाती असतात जेमतेम पाच महिने. त्यामुळे लॅब कुठली यापेक्षा प्रोजेक्ट कुठला हे महत्त्वाचं. उंदरांचं उदाहरण घ्या. गरोदरपण सुमारे तीन आठवडे, पिल्लं आईपासून वेगळी करायला आणखी तीन, आणि प्रजननक्षम व्हायला जन्मापासून सहा ते आठ आठवडे. एक पिढी नऊ ते अकरा आठवड्यांची. हव्या त्या जनुकीय जोडीसाठी दोन पिढ्या लागल्या, तर जुलैत जोडी लावली तरी नोव्हेंबर उजाडतो आणि हातात एकही आलेख नसतो. तयार उंदीर, तयार पेशी किंवा आधीच गोळा झालेला डेटा असलेला प्रश्न मागून घ्या. नवा प्रयोग सोबत चालू राहू द्या.

दुसरी ठेच मुलाखतीत लागते. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवर एकाच दिवशी, एकाच पेशींवर तीन वेल भरले आणि ‘एन बरोबर तीन’ (एन म्हणजे स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांची संख्या) असं सांगितलं, की समोरचा प्राध्यापक तिथेच थांबवतो. तो ‘एन’ एकच असतो. तीन वेल फक्त पिपेटिंग (द्रव मोजून भरणं) किती सारखं झालं एवढंच सांगतात. पेशींची वेगळी खेप, वेगळा दिवस, पुन्हा केलेली प्रक्रिया, असं तीनदा झालं तर तीन. चांगल्या कार्यक्रमात जर्नल क्लबमध्ये (शोधनिबंधांवरच्या सामूहिक चर्चेत) एकेक आकृती उलगडताना हा प्रश्न दर आठवड्याला विचारला जातो. हीच त्या कार्यक्रमाची परीक्षा समजा.

पत्राबद्दल : मोठ्या नावाचा पीआय (लॅबचा प्रमुख शास्त्रज्ञ) सतत दौऱ्यावर असेल आणि रोजचं शिकवणं पोस्टडॉककडे (पीएचडीनंतर तिथे काम करणाऱ्या संशोधकाकडे) असेल, तर पत्र गुळमुळीत येतं. पीआयशी दर आठवड्याला अर्धा तास भेट ठरवून घ्या, आणि फसलेला प्रयोगही त्याला दाखवा. ‘प्रथिन शोधायच्या चाचणीत बँड आला नाही तेव्हा तिने आधी अँटिबॉडीचं प्रमाण तपासलं, मग ट्रान्सफरची पायरी’ असं एक वाक्य ‘मेहनती आहे’च्या दहा वाक्यांहून भारी.

नोव्हेंबरमधली एबीआरसीएमएस ही विद्यार्थ्यांची बायोमेडिकल संशोधन परिषद सोडू नका. पीएचडी कार्यक्रमांचे प्रतिनिधी तिथे पोस्टरपाशी येऊन बोलतात, आणि अर्जाच्या फीची माफी कशी मिळवायची हेही तिथेच विचारता येतं.

कोणी घेऊ नये? कॉलेजात दोन वर्षं सलग संशोधन आणि दोन ठोस पत्रं असतील, तर थेट पीएचडीला अर्ज करा. तिथेही शिक्षणाची फी माफ असते आणि विद्यावेतन मिळतं.

एक गोष्ट अर्जाआधीच तपासा. २०२५मध्ये एनआयएचने प्रतिनिधित्व वाढवण्यासाठीचे अनेक प्रशिक्षण कार्यक्रम गुंडाळले, त्याचा फटका ‘प्रेप’लाही बसला. होतकरू मुलांची ही वाट अशी अरुंद व्हावी याचं फार वाईट वाटतं. म्हणून विद्यापीठाला तीन प्रश्न मेलने विचारा : यंदा तुकडी आहे का, पगार पूर्ण वर्षाचा मंजूर आहे का, आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून आहे का. उत्तर लेखी घ्या, मगच भाड्याच्या घराचा करार करा.