अ‍ॅडाना एट-फाइव्हवर नवे नायट्राइल रोलर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमध्ये ट्विकनहॅमला बनलेल्या, टाइपाने छापणाऱ्या या हातमशिनला (चेस, म्हणजे टाइप बांधायची चौकट, ८ × ५ इंच) शाई लावणारे दोन रोलर लागतात. जुन्याच लोखंडी गाभ्यांवर नवं रबर चढवून घेतल्याला नऊ महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा गेला. छपाई नक्की सुधारली, पण त्याचं निम्मंच श्रेय रबराला. निम्मं मापाला.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. झिजलेला रोलर मोजून तेच माप दिलं, की नवा रोलरही झिजलेल्याच मापाचा येतो. रबराचा व्यास रनरएवढा हवा, म्हणजे गाभ्याच्या टोकांना असतात त्या चाकांएवढा. चाकं चेसच्या दोन बाजूंच्या रुळांवर धावतात आणि रोलर खिळ्यांपासून (टाइपाच्या अक्षरांपासून) किती उंच राहील हे तीच ठरवतात. रबर जाड आणि चाक लहान असेल तर रोलर खिळ्यांवर दाबला जातो, फिरण्याऐवजी घसरतो. देवनागरीत हे लगेच कळतं: शिरोरेषेच्या कडेला शाईची बारीक वात साचते, ‘भ’ आणि ‘ध’च्या गाठी भरून जातात. रबर बारीक असेल तर उकार आणि रफार फिके. व्हर्नियरने चारही चाकं मोजा. एखादं झिजलेलं निघालं तर चारही बदला, एकटं नको.

गाभा रबर चढवायला देताना चाकं काढून ठेवा. रबराची लांबी, व्यास आणि कडकपणा लिहूनच द्या: शोर ए २५ च्या आसपास. आकडा दिला नाही तर ६०-७० चं कडक रबर येऊ शकतं, ते टाइपासाठी निरुपयोगी. रबर तेल-रोधक नायट्राइल हवं. साधं नैसर्गिक रबर घासलेटाने आणि तेलाच्या शाईने फुगतं. पॉलियुरेथेन दिसायला झकास, पण त्याचे काही प्रकार दमट हवेत चिकट होतात, त्यामुळे कोकण-मुंबईकडे दहादा विचार करावा. सरसाच्या रोलरचं तर नावच नको, उन्हाळ्यात ते वितळतात.

माल हातात आल्यावर दोन्ही टोकं आणि मध्य मोजा. आमचा एक रोलर एका टोकाला ०.३ मिमी जाड निघाला. परत घासून आणावा लागला. ०.१ मिमीपर्यंतचा फरक चालतो.

बसवणं पाच मिनिटांचं काम. स्प्रिंगचा आकडा ओढून गाभ्याचं टोक अडकवायचं, टोकांना मशिन ऑइलचा एकेक थेंब, रबराला तेल लागू द्यायचं नाही. मग चेसच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक मोठं ठळक अक्षर बांधा. शाईच्या तबकडीवर हरभऱ्याच्या डाळीएवढी शाई, पंधरा-वीस वेळा हँडल मारून ती पसरवा. उंची पाहायला टाइप-हाय गेजवर (टाइपाच्या उंचीच्या मोजमापाच्या ठोकळ्यावर) रोलर अलगद टेकवून उचला: शाईची पट्टी २ ते ३ मिमी रुंद उमटली पाहिजे. जास्त रुंद असेल तर रुळावर इन्सुलेशन टेपचा एक थर (साधारण ०.१३ मिमी) लावा आणि पुन्हा पाहा. आमच्याकडे डाव्या रुळाला दोन थर लागले, उजव्याला एक. टेप चेपते, तीन-चार महिन्यांनी बदलावी लागते.

चेसमध्ये एकच बारीक ओळ असेल तर रोलर तिच्या अलीकडे-पलीकडे खाली दबतो आणि ओळीच्या कडांनाच शाई जास्त लागते. दोन्ही बाजूंना, रोलरच्या चालीच्या दिशेने, टाइपाच्या उंचीच्या आधारपट्ट्या बांधल्या की हे थांबतं. त्या कागदावर उमटणार नाहीत इतक्या बाहेर ठेवा.

तक्रारी दोन. मऊ रबर हातकागदाचे तंतू उचलतं, त्यामुळे दर चाळीस-पन्नास प्रतींनंतर रोलर पुसावा लागतो. आणि उंच राहिलेल्या पितळी रूलने (रेघ छापायच्या पट्टीने) पहिल्याच महिन्यात एका रोलरवर चीर पाडली. ती भरून येत नाही, ठळक जागेत फिकी रेघ बनून दिसत राहते. रूल बांधल्यावर प्लेनरने (सपाट ठोकळ्याने) ठोकून घ्या.

काम संपलं की घासलेटाचं फडकं, मग लगेच कोरडं. एनसी थिनर किंवा अ‍ॅसिटोन नायट्राइलला चालत नाही. रात्री रोलर तबकडीवर टेकलेला राहिला की चपटा भाग पडतो आणि दर फेऱ्याला एक आडवी फिकी पट्टी येते, म्हणून ते काढून गाभ्याच्या टोकांवर, उन्हापासून लांब टांगलेले बरे.