अमेरिकी लष्कराची डिस्चार्ज-दुरुस्ती सेवा: पाचपैकी तीन तारे

समलिंगी सैनिकांना ओळख लपवली तरच लष्करात राहू देणारं 'विचारू नका, सांगू नका' हे धोरण २० सप्टेंबर २०११ रोजी संपलं. पण त्याखाली काढलेल्या अनेक समलिंगी आणि उभयलैंगिक सैनिकांच्या डीडी-२१४ वर, म्हणजे डिस्चार्जच्या (सेवामुक्तीच्या) दाखल्यावर, 'समलैंगिकता' हेच कारण राहिलं. नोकरीसाठी तो कागद दाखवला की खासगी गोष्ट परक्यापुढे उघडी पडते. ते कारण बदलून देणारी ही सेवा फुकट आहे, वकीलही सक्तीचा नाही. मात्र अन्याय सरकारचा आणि अर्ज सैनिकानं करायचा, हे मुळीच पटत नाही. दोन तारे त्यासाठी कापले.

डिस्चार्जला १५ वर्षं झाली नसतील तर डीडी फॉर्म २९३ भरा, डिस्चार्ज पुनरावलोकन मंडळाकडे. त्यापुढे डीडी फॉर्म १४९, रेकॉर्ड दुरुस्ती मंडळाकडे. त्याआधी एसएफ-१८० भरून आपली फाइल मागवा. अर्ज अडतात ते इथंच: कारवाईचे मूळ कागद नसले तर केवळ लैंगिकतेमुळे काढलं हे सिद्ध होत नाही. फाइलमध्ये गैरवर्तनाची नोंद असेल तर मंडळ हात आखडतं. तिचं स्पष्टीकरण वेगळं जोडा.

कारण, डिस्चार्जचा दर्जा (सन्माननीय की नाही) आणि पुन्हा भरतीचा कोड, तिन्ही बदल नाव घेऊन मागा. आणि नवा डीडी-२१४ च मागा. नुसती डीडी-२१५ दुरुस्तीपत्रिका मिळाली तर जुना कागद तसाच फिरत राहतो.