डाळ मिलचं एनर्जी ऑडिट: नऊ महिन्यांनंतर

जळगाव एमआयडीसीत आमची तुरीची डाळ मिल आहे. एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज कुठे किती जाते याची तपासणी, आम्हा छोट्यांना सक्तीचं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये केलं ते बिल पाहून डोळे पांढरे झाले म्हणून.

ऑडिटरने पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद करायला लावली, फक्त हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर चालू ठेवला. कोणी हवा वापरत नसताना तो २ मिनिटं लोड (हवा भरत), ३ मिनिटं अनलोड (हवा न भरता नुसता) असा फिरत राहिला. म्हणजे ४० टक्के हवा गळतीतच! आमच्याकडे हवा लागते ती मुख्यतः सॉर्टेक्सला, म्हणजे रंगावरून दाणे निवडणाऱ्या मशीनला, डागी दाणा उडवायला. त्या लाइनवर मिस्तरींनी साबणाचं पाणी लावलं तर जॉइंटोजॉइंटी फेस. "शेठ, नाग शे का काय आठे?" (इथे नाग आहे की काय?) म्हणाले. टेफ्लॉन टेप, क्लॅम्प, दोन नवे कपलर, एवढाच खर्च. मग दाबही साडेसातवरून साडेसहा बारवर आणला. एक बार कमी केला की कॉम्प्रेसरची ६-७ टक्के वीज वाचते. सॉर्टेक्सने कुरकुर केली नाही.

भुसा ओढणारा ब्लोअर आम्ही वर्षानुवर्षं डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धा बंद करून चालवत होतो. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवला, डॅम्पर पूर्ण उघडला, वेग २० टक्के उतरवला. पंख्याची वीज वेगाच्या घनात घटते, त्यामुळे ती जवळपास निम्म्यावर आली. याच हिशेबाने रिपोर्टात दाणा वर चढवणाऱ्या एलिव्हेटरलाही व्हीएफडी सुचवला होता, आणि तिथे मी फसलो. एलिव्हेटरला माल तेवढाच, तेवढ्याच उंचीवर चढवायचा. वेग कमी केला की बूटमध्ये, म्हणजे एलिव्हेटरच्या तळाशी, दाणा तुंबतो. तो व्हीएफडी सध्या शोभेला आहे. सगळ्या मोटरी एकदम आयई-३ (कमी वीज खाणाऱ्या दर्जाच्या) करा, हेही मी ऐकलं नाही. जळेल ती परत रिवाइंड न करता बदलायची, एवढं ठरवलं.

फायदा किती? बिलाच्या रकमेवरून बघू नका, सीझन वर-खाली होतो. आम्ही क्विंटलमागे युनिट लिहितो. मार्चपर्यंत ते ११ टक्क्यांनी खाली होते.

एप्रिलच्या बिलाने मात्र दणका दिला. पॅनल पत्र्याच्या भिंतीला, पश्चिमेच्या उन्हात. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाचा वाटा) सांभाळणारे कपॅसिटर फुगले आणि तो ०.९९ वरून ०.८८ वर. आमचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाच्या नव्हे तर घेतलेल्या एकूण विजेवर असल्याने तेवढ्याच कामाला १२ टक्के जास्त मोजावे लागले. ऑडिट झालं पावसाळ्यात, साठ पानांच्या रिपोर्टात जळगावचा उन्हाळा कुठेच नव्हता. पॅनल आता आत हलवलाय, पंखा लावलाय.

परवा जेवणाच्या सुट्टीत तीच चाचणी पुन्हा घेतली. १ मिनिट लोड, ४ मिनिटं अनलोड. दुरुस्तीनंतर १० टक्क्यांवर आलेली गळती परत २० वर. मिस्तरी बादलीत साबण कालवताहेत.