हॉटपॉट: बीजिंगचा बंब की चोंगचिंगची लाल कढई?

चिनी मित्राने घरी हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच उकळत्या भांड्यात मांस-भाज्या बुडवून शिजवत खायच्या जेवणाला, बोलावलं तर आधी विचारा, बाबा रे, तू मूळचा कुठला?

बीजिंगचा असेल तर टेबलावर चक्क आपला तांब्याचा बंब, फक्त बुटका: मधे धुराडं, त्यात कोळसे, भोवती उकळतं पाणी. पाण्यात आलं, कांद्याची पात, बस्स. मेंढीच्या मांसाचा कागदासारखा काप चॉपस्टिकने बुडवायचा, रंग पालटला की तिळाच्या दाट चटणीत. मांस शिळं असेल तर इथे लपत नाही.

नैऋत्य चीनमधल्या चोंगचिंग शहराकडे सगळं उलट. गाईच्या चरबीत सुक्या मिरच्या आणि सिचुआन मिरी. ही मिरी आपल्या तिरफळाच्याच कुळातली, जीभ तशीच बधिर करते. वाटीत तिळाचं तेल आणि ठेचलेला लसूण. वजडीचा पातळ तुकडा जेमतेम 15 सेकंद खालीवर करायचा. जास्त झाला की रबर. (बीफ चालत नसेल तर आधीच सांगा. चरबी रश्श्यातच असते, नुसत्या भाज्या बुडवून सुटका नाही.)

गप्पांसाठी मी बीजिंगच्या बाजूचा. चोंगचिंगला निम्मा वेळ नाक पुसण्यात जातो. मधे पडदी घातलेलं भांडंही असतं, अर्धं लाल, अर्धं पांढरं. पण लाल बाजूवाले पांढऱ्याकडे जरा कीव करूनच बघतात.