गच्चीवरचं सोलर आणि सोलर हीटर : इंदिरानगरमधल्या घरचा अनुभव

आमचं रो हाऊस नाशिकच्या इंदिरानगरला, घरात पाच माणसं, एक एसी. गच्चीवर ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडलेलं सोलर आणि दोनशे लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर असं दोन्ही एकदमच बसवलं, आता सगळे ऋतू बघून झालेत म्हणून लिहितेय. येणारा-जाणारा विचारतो ते विजेबद्दल, "बिल किती येतं हो आता?" पण घरात रोज जो फरक जाणवतो ना, तो गरम पाण्याचा.

तरी आधी वीजच सांगते. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, पण ती नंतर खात्यात येते, आधी रक्कम आपण नाहीतर बँकेने भरायची, आणि पॅनेल भारतातच बनलेलं लागतं. ढोबळ हिशोब किलोवॅटमागे रोज चार युनिट. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलरच्या अ‍ॅपवर दिवसाचा आकडा तेरा-चौदा युनिटपर्यंत जातो, मग वाटतं मे महिन्यात तर धमालच असेल, पण तसं होत नाही, कारण पॅनेलला ऊन हवं असतं, ताप नको असतो, ते तापलं की वीज कमी द्यायला लागतं. श्रावणात झड लागली की अ‍ॅप उघडूच नका. बिल शून्य येईल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, स्थिर आकार येतोच, आणि जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होत राहिले तरी मार्चअखेर हिशोब होतो, तेव्हा उरलेल्या युनिटला आपण ज्या भावाने वीज घेतो तो भाव मिळत नाही. म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावायचा मोह नको. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि लाइनमध्ये परत दिलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर, बसायला वेळ लागला, तोपर्यंत पॅनेल नुसती ऊन खात पडली होती, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं, भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन असताना! सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. कारण असं की बाहेर लाइन बंद करून वायरमन खांबावर चढला असेल आणि आपल्या गच्चीवरून लाइनमध्ये करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर आपोआप हात वर करतो. कारण पटतं, पण विकणारे हे आपणहून सांगत नाहीत. पंखे आणि वायफायसाठी जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर मी काढलेला नाही, तुम्हीही काढू नका.

माझा मावसभाऊ जपानमध्ये ओसाकाजवळ राहतो, त्याच्याकडे फ्युएल सेल आहे, तिकडे त्याला एने-फार्म म्हणतात. २००९ पासून घरगुती ग्राहकांना विकतात, आता लाखोंनी लागलेत. पाइपने येणाऱ्या गॅसमधून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग घडवून वीज करायची आणि त्यात जी उष्णता निघते तिने टाकीतलं पाणी तापवायचं, जाळणं नाहीच. वीज किलोवॅटच्या आतच, साधारण सातशे वॅट, पण रात्री-पावसात चालते, आणि काही मॉडेल लाइट गेल्यावरही चालू राहतात. तो मला चिडवतो, तुझे दोन डबे, माझा एकच. म्हटलं, बाबा, तुला दर महिन्याला गॅसचं बिल येतं, माझं ऊन फुकट आहे. शिवाय त्यांच्याकडे रोज टब भरून त्यात बसायची पद्धत, इतकं गरम पाणी खपतं म्हणूनच ते मशीन परवडतं. आपल्याकडे बादलीभर पाण्यात आंघोळ होते!

तर हीटर. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा नाशकातही सकाळी गारठा असतोच, पण आकाश निरभ्र असतं, त्यामुळे नेमकं हव्या त्या दिवसांत पाणी कढत मिळतं, थंड मिसळल्याशिवाय हात घालवत नाही. गीझर या थंडीत लावलाच नाही. रंगपंचमीला पोरं जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारून आली, ओळीने सगळ्यांच्या आंघोळ्या झाल्या, रंग काही गेला नाही पण पाणी संपलं नाही. पावसाळ्यात मात्र सलग ढग असले की कोमट, मग टाकीतली विजेची कॉइल चालू करावी लागते.

कटकट एकच, गच्चीवरून तळमजल्यावर पाणी उतरेपर्यंत आधी पाइपमधलं गार पाणी येतं, बादली-दीड बादली. ते आम्ही वेगळ्या बादलीत धरतो, फरशी पुसायला आणि कपड्यांना जातं. नवीन बांधकाम असेल तर बाथरूम टाकीच्या जवळ घ्या आणि गरम पाण्याच्या पाइपला जाड वेष्टण घालून घ्या. बोअरचं पाणी सोडत असाल तर नळ्यांत क्षार बसतो, शेजाऱ्यांच्या नळ्या आतून पांढऱ्या झाल्यात, आम्ही नळाचंच सोडतो.

पॅनेलची देखभाल म्हणजे धूळ आणि पारवे. सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवायची, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. संक्रांतीनंतर तर क्लॅम्पमध्ये अडकलेला मांजा काढत बसावं लागलं, गुलाबी, हिरवा, एक तर दोन पॅनेलच्या फटीत असा आवळून बसला होता की कात्री लागली. स्ट्रक्चर आम्ही माणूस खालून चालेल इतकं उंच घेतलं, त्याचे पैसे जास्त गेले, पण गच्ची मोकळी राहिली. कुरडया-पापडांना कडेचं ऊन पुरतं आणि राखण करणाऱ्या सासूबाईंना पॅनेलखाली सावली मिळते, विजेपेक्षा त्यांना तेच जास्त आवडलंय.