टॉम अँड जेरी संग्रही ठेवायचे, तर कोणता संच घ्यावा?

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत केलेले टॉम अँड जेरीचे ११४ लघुपट १९४० ते १९५८ या काळात चित्रपटगृहांत झळकले आणि त्यांतील सात लघुपटांना ऑस्कर मिळाले. हे लघुपट विकत घेऊन घरी ठेवायचे म्हटले, की किमतीच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे हातात येणारी प्रत पूर्ण आहे की तिला कुठे कात्री लागली आहे. चाहत्यांमध्ये गेली वीस वर्षे या प्रश्नावर वाद चालू आहे. बाजारात आलेल्या संचांमधील फरकही मुख्यतः याच वादातून निर्माण झालेला असल्याने, कोणता संच घ्यावा हे ठरवण्यापूर्वी तो वाद समजून घ्यावा लागतो.

वादाचे मूळ दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे घरकाम करणारी कृष्णवर्णीय मॅमी. पडद्यावर ती बहुधा कमरेखालीच दिसते, टॉमला झाडूने बडवते आणि घराबाहेर काढण्याची धमकी देते. तिला लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा आवाज होता आणि १९५२ नंतर ती या मालिकेत दिसली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्फोटानंतर, धुरानंतर किंवा काजळीनंतर एखाद्या पात्राचा चेहरा काळा करून त्यावर हशा मिळवण्याची त्या काळातील सवय. बहुतेक ठिकाणी हा विनोद दोन-तीन सेकंदांचा असतो. ‘माउस क्लीनिंग’ (१९४८) या लघुपटाचा मात्र शेवटच त्यावर बेतलेला आहे. मॅमीने घर लखलखीत ठेवण्याची ताकीद टॉमला दिलेली असते, जेरी ते पुन्हा पुन्हा घाण करतो आणि अखेरीस कोळशाचा अख्खा ट्रक खिडकीतून घरात रिता होतो. ढिगाऱ्यातून बाहेर आलेला काळाकुट्ट टॉम तिला ओळखू येत नाही. इथे कुठे मांजर दिसले का, असे ती विचारते आणि टॉम कृष्णवर्णीयांच्या बोलण्याची टिंगल करणाऱ्या सुस्त हेलात नकार देत सटकू पाहतो. हा प्रसंग कापला, तर आधीच्या सात मिनिटांच्या रचनेला शेवटच उरत नाही. तो ठेवला, तर त्यातील टवाळीकडे डोळेझाक करता येत नाही.

दूरचित्रवाणीने या अडचणीवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे उपाय केले. १९६०च्या दशकात प्रसारणासाठी काही लघुपटांत मॅमीच्या जागी गोरी बाई चितारण्यात आली आणि तिला आयरिश ढंगाचा नवा आवाज देण्यात आला. १९९०च्या दशकात, तेव्हा या लघुपटांची मालकी असलेल्या टर्नर कंपनीने चित्र तसेच ठेवून मॅमीचे संवाद थिया विडाल या अभिनेत्रीकडून नव्याने म्हणवून घेतले. २००६ मध्ये ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेकडे पडद्यावरील धूम्रपानाविषयी तक्रार गेल्यावर तेथील वाहिनीने जुन्या लघुपटांतील तशी दृश्ये तपासून गाळण्याची तयारी दाखवली. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आले, तेही टर्नरचेच. त्यामुळे केबलवर टॉम अँड जेरी पाहत वाढलेल्या आपल्या पिढीच्या स्मरणात जे आहे, ती मूळ प्रतच आहे असे गृहीत धरू नये.

आता संचांकडे वळू. अमेरिकेत वॉर्नरने, म्हणजे टर्नरनंतर हे लघुपट ज्या कंपनीकडे गेले तिने, २००४, २००५ आणि २००७ मध्ये ‘स्पॉटलाइट कलेक्शन’ या नावाने डीव्हीडीचे तीन भाग काढले. तिन्ही मिळून जवळपास सगळी मालिका हाती येते, परंतु लघुपट कालक्रमाने लावलेले नाहीत आणि काहींमध्ये मॅमीचा बदललेला आवाजच ऐकू येतो. तिसऱ्या भागातून ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ (१९५१) हे दोन लघुपट वगळले गेले. दुसऱ्या लघुपटात टॉम सिगारच्या धुराने जेरीचे तोंड काळे करून त्याला नाचायला लावतो. गंमत अशी, की याच ‘स्पॉटलाइट’च्या दुसऱ्या भागात व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचे निवेदन आहे आणि अशी चित्रणे का दडवू नयेत, हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगतात. एका भागात दिलेला हा शब्द पुढच्याच भागात पाळला गेला नाही.

२०११ मध्ये ‘गोल्डन कलेक्शन’चा पहिला भाग ब्लू-रेवर आला आणि संग्राहकांनी तो डोक्यावर घेतला. त्यात पहिले ३७ लघुपट क्रमाने, न कापता आणि रँडॉल्फ यांच्या मूळ आवाजासह आहेत. क्रमाने ३८वा लघुपट ‘माउस क्लीनिंग’ असल्यामुळे, दुसरा भाग येण्याआधीच त्याची परीक्षा ठरलेली होती. २०१३ साठी तो भाग जाहीर झाला आणि यादीत तेच दोन लघुपट नसल्याचे दिसताच चाहत्यांनी विक्री सुरू होण्यापूर्वीच खरेदीच्या संकेतस्थळांवर नापसंतीचे शेरे नोंदवले. तो भाग बाजारात आलाच नाही.

वादाच्या दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पूर्णतेचा आग्रह धरणारे म्हणतात, की महागडा, कालक्रमाने लावलेला संच प्रौढ संग्राहकच घेतो आणि त्याला काय झेपेल हे कंपनीने ठरवू नये. दुसरी बाजू म्हणते, की मुखपृष्ठावर मांजर आणि उंदीर आहेत म्हटल्यावर आजी-आजोबा तो संच नातवंडांसाठी उचलणारच आणि आत काय आहे हे त्यांना घरी गेल्यावर कळणार. शिवाय हे लघुपट वगळा असे कोणत्याही सरकारी मंडळाने सांगितलेले नव्हते. आपल्या मालाबाबत कंपनीने स्वतःच घेतलेला तो निर्णय होता, त्यामुळे दाद मागायची ती ग्राहक म्हणूनच. माझ्या मते या भांडणात एक मोठा फरक झाकला जातो. दोन लघुपट यादीतून उघडपणे गाळले, तर काय मिळत नाही हे ग्राहकाला पैसे देण्यापूर्वी कळते. पण आवाज बदलून किंवा चार सेकंद उडवून तीच प्रत मूळ म्हणून विकली, तर ग्राहकाची फसवणूक होतेच आणि त्या काळाविषयी चुकीचा समजही पक्का होतो. चाहत्यांचा राग बहुधा पहिल्या प्रकारावर निघतो. तो दुसऱ्यावर अधिक निघायला हवा होता.

डिजिटल मंचांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०१४ मध्ये अमेझॉनने या लघुपटांआधी वांशिक पूर्वग्रहांविषयीची सूचना दाखवल्याची बातमी झाली आणि सूचना देऊन मजकूर शाबूत ठेवण्याची ती पद्धत मला कात्रीपेक्षा प्रामाणिक वाटते. मात्र कोणत्याही मंचावर यादी केव्हा बदलेल याचा नेम नसतो, प्रतही सांगून बदलली जात नाही आणि तिथे आपण काही विकत घेतलेले नसते. मुलांना जेवताना दोन-चार लघुपट दाखवायचे असतील, तर ही सोय पुरेशी आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये वॉर्नर आर्काइव्ह या वॉर्नरच्याच विभागाने ‘गोल्डन इरा अँथॉलॉजी’ हा सहा डिस्कचा संच काढला आणि हॅना-बार्बेरा काळातील सर्व ११४ लघुपट, ते दोन वादग्रस्त लघुपट धरून, एकत्र आले. नव्याने घेणाऱ्याने, परवडत असल्यास, हाच घ्यावा. आधीच्या कोणत्याही संचाशी तुलना केली तरी पूर्णतेच्या बाबतीत हा सरस ठरतो. चित्राच्या दर्जाबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. एमजीएमच्या जुन्या कार्टूनांची अनेक मूळ निगेटिव्ह १९७८ मध्ये जॉर्ज ईस्टमन हाउस या अमेरिकी संग्रहालयाच्या साठ्याला लागलेल्या आगीत नष्ट झाली, त्यामुळे १९४०च्या दशकातील बरेच लघुपट दुय्यम प्रतींवरूनच तयार करावे लागतात. त्यात पुनःप्रदर्शनाच्या वेळी काहींच्या मूळ श्रेयनामावल्याही बदलल्या गेल्या होत्या. रंग थोडे भडक किंवा कडा थोड्या मऊ दिसल्या, तर त्याचा दोष दरवेळी नव्या संचावर टाकणे योग्य नाही. १९५४ नंतरच्या रुंद पडद्यावरील लघुपटांचे तसे नाही. ते पूर्ण रुंदीत पाहिल्यावर चौकटीच्या कडेला चाललेल्या गमती प्रथमच नीट दिसतात.

ज्यांच्याकडे २०११चा ब्लू-रे आहे, त्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांना पहिले ३७ लघुपट पुन्हा विकत घ्यावे लागतील आणि ते अनेकांना पटणार नाही, पण उरलेले ७७ लघुपट न कापता एकत्र मिळवण्याचा याहून सुटसुटीत मार्ग नाही. ज्यांच्याकडे ‘स्पॉटलाइट’चे तीन भाग आहेत आणि जे केवळ करमणुकीसाठी पाहतात, त्यांनी घाई करू नये. बदललेल्या आवाजाने ‘द कॅट कॉन्चेर्टो’मधील पियानोवरच्या करामतीत काहीच उणे होत नाही, कारण तिथे मॅमी नाहीच. घरात लहान मुले असतील, तर पूर्ण संच वरच्या कप्प्यात ठेवावा आणि मॅमीचे लघुपट मुलांसोबत बसूनच पाहावेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, तेव्हा अमेरिकेत काळ्या माणसांची अशी थट्टा होत असे आणि ते चूक होते, एवढे सांगितले तर ते समजते.

भारतातून मागवताना एक व्यावहारिक बाब आधी पाहावी. अमेरिकेतील डीव्हीडी प्रदेश क्रमांक १च्या असतात आणि आपल्याकडील प्लेअर बहुधा प्रदेश क्रमांक ५चे. त्यामुळे सर्व प्रदेश चालवणारा प्लेअर नसेल, तर ‘स्पॉटलाइट’चे भाग कितीही स्वस्त मिळाले तरी उपयोगाचे नाहीत. ब्लू-रेची प्रदेशविभागणी वेगळी असते आणि पुष्कळ ब्लू-रेंना प्रदेशाचे बंधन नसते, तरी विक्रेत्याला विचारूनच पैसे द्यावेत.

जुनी डिस्क समोरासमोर घेत असाल, तर ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’ (१९५०) लावून पाहावे. मॅमी पत्ते खेळायला बाहेर पडते, टॉम गल्लीतल्या मांजरांना बोलावून गाण्याबजावण्याचा धुडगूस घालतो आणि झोपमोड झालेला जेरी शेवटी तिला फोन करतो. मूळ प्रतीत ती तरातरा घरी धावत येते तेव्हा क्षणभर तिचा चेहरा दिसतो. त्या जागी सडपातळ गोरी तरुणी दिसली, तर ती १९६०च्या दशकात बदललेली प्रत आहे, आणि विक्रेता ती ‘संपूर्ण’ म्हणून विकत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.