फॅमिली लिंक: पेरणीपासून हरभऱ्यापर्यंतचा अनुभव

पोरांचा रात्रीचा मोबाइल हे आमच्या गावात घरोघरचं भांडण झालं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यातला शेतकरी. मुलगा नववीत, मुलगी सहावीत. आईबापाला पोराच्या फोनवर देखरेख ठेवता यावी म्हणून गूगलचं फॅमिली लिंक हे फुकटातलं ॲप आहे. ते मी शाळा उघडायच्या वेळी, म्हणजे आमच्या विदर्भात जून सरता सरता, मुलाच्या फोनवर लावलं. आता हरभरा सोंगणीला आला आहे. सोयाबीन गेलं, कापसाचे वेचे झाले, तूर निघाली, एवढा सगळा काळ हे ॲप चालू आहे, म्हणून आता सविस्तर लिहितो.

"रात्री पोरांचा डेटा बंद करा" असं सांगणारे खूप भेटतात. पण रोजच्या पॅकचा हिशेब आधी बघा. दीड किंवा दोन जीबी मिळतात, ते संपले की नेट रांगायला लागतं, आणि रात्री १२ वाजता नवा कोटा सुरू होतो. पोराने संध्याकाळीच सगळा डेटा उडवला तरी त्याला फक्त बारापर्यंत जागं राहायचं असतं. माझा मुलगा तेच करायचा. साडेअकराला पाणी प्यायला उठावं तर गोधडीत सामसूम, आणि बाराला पाच मिनिटं झाली की गोधडीच्या कडेतून उजेड. वर्गातली चार-पाच पोरं ठरवून बाराला गेमवर जमायची. काही पॅकांत तर रात्री १२ ते सकाळी ६ पर्यंतचा डेटा मोजतच नाहीत. झोपेचे जे तास, तेच फुकट नेटचे तास! १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते, ६ ते १२ वर्षांच्या लेकराला ९ ते १२ तास. सकाळच्या एसटीसाठी सहाला उठणारं पोरगं एकला झोपलं तर त्याच्या वाट्याला पाच तास येतात. मग वर्गात ते काय ऐकणार?

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डेटा मर्यादा आहेच की, असंही लोक म्हणतात. आहे, पण ती साधारणपणे महिन्याच्या हिशेबाने चालते, तिला रात्र-दिवस कळत नाही, आणि ज्याच्या हातात फोन तो ती काढूनही टाकू शकतो. शिवाय पोरं दिवसा व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतात. रात्री नेट असो वा नसो, पाहणं सुरूच. म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे की रात्री जीबी मोजत बसू नये, वेळ बांधावी. फॅमिली लिंक डेटा मोजत नाही, वेळ बांधतं. मला हे त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

त्यात 'डाउनटाइम' नावाची सोय आहे. आमच्याकडे रात्री साडेनऊ ते सकाळी सहा लावलं आहे, शनिवारी साडेदहापासून, कारण प्रत्येक वाराची वेळ वेगळी ठेवता येते. वेळ भरत आली की पोराच्या फोनवर १५ मिनिटं, ५ मिनिटं, १ मिनिट उरल्याच्या सूचना येतात आणि मग फोन लॉक होतो. गेम, रील, डाउनलोड केलेले व्हिडिओ, सगळंच थांबतं. या सूचनांनी घरातली आदळआपट फार कमी केली. बापाने हातातून फोन ओढला की पोरगं चिडतं, आई मधे पडते, जेवण तसंच राहतं. आता पंधरा मिनिटं आधी कळतं, तो मित्रांना सांगतो आणि स्वतःच फोन चार्जिंगला लावतो.

लावताना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला तर फोनमधलं खातं कोणाचं आहे हे शोधण्यात. खेड्यात नवा फोन घेतला की दुकानातलं पोरगंच खातं उघडून देतं. नाव भलतंच, जन्मतारीख मोठ्या माणसाची, पासवर्ड कोणालाच आठवत नाही. आमच्या फोनचंही तसंच होतं. १८ वर्षांवरचं वय लिहिलेल्या खात्यावर देखरेख बसत नाही. मग मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचं नवं खातं उघडलं, शाळेचे फोटो नि नंबर त्यात घेतले आणि जुनं खातं फोनमधून काढलं. तुम्ही लावणार असाल तर हे काम आधी उरकून घ्या आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा.

१३ वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकच उघडतात. पण माझ्या मुलासारखा चौदाचा असेल तर देखरेख जोडताना त्याला स्वतःच्या फोनवर होकार द्यावा लागतो. मला ही अट फार आवडली, कारण तिच्यामुळे त्याच्याशी बोलणं भाग पडतं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. तो म्हणाला, "बाबा, साऱ्या पोट्ट्याइचं चालते, मलेच काहून?" मी त्याला सकाळी शाळेत जाऊन डुलक्या घेणं कसं असतं ते विचारलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "साडेनऊ नाही, दहा करा." शेवटी शाळेच्या दिवशी साडेनऊ आणि शनिवारी साडेदहा असं ठरलं आणि त्याने होकाराचं बटण दाबलं. आमच्या आईचं म्हणणं होतं, "फोनच कायले देता बाप्पा पोराले?" पण घरचा अभ्यास शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाइन भरावे लागतात. फोन काढून घेणं आता कोणत्याच घराला जमत नाही.

याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने २०२२ साली १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. गाव एकत्र येऊन असं काही ठरवतं याचं मला मोठं कौतुक वाटतं, आणि संध्याकाळच्या अभ्यासाला भोंग्याचा उपयोग होईलही. पण रात्री बाराला गोधडीत काय चाललं आहे ते गावाला दिसत नाही. तिथे आईबापालाच पाहावं लागतं.

आणि आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या घरी बाप रात्री घरात असेलच असं नाही. शेतीची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. सोयाबीन-तुरीच्या दिवसांत रानडुकरांमुळे जागल असतेच. बायको दिवसभर वेचणी करून आडवी झाली की तिला शुद्ध नसते. माझ्यासाठी या ॲपची खरी किंमत इथे आहे. मी विहिरीवर मोटर चालू करून बसलेला असतो आणि माझ्या फोनवर दिसतं की पोराने आज कोणतं ॲप किती वेळ वापरलं. वेळापत्रक त्याच्या फोनमध्येच बसलेलं असल्याने मी घरी असो-नसो, साडेनऊला ते लागू होतं.

पण रात्री फोन साफ बंद करून टाकणं मला भीतीचं वाटत होतं. घरात म्हातारी आई, गोठ्यात जनावरं, आणि बाप शेतात. म्हणून कॉलच्या ॲपला 'नेहमी परवानगी' दिली. डाउनटाइममध्ये गेम आणि व्हिडिओ बंद, पण फोन लावता येतो नि घेता येतो. भाद्रपदात एका रात्री मी मळ्यात जागलीवर असताना मुलाचा फोन आला, "बाबा, गोठ्यात लांबडं निघालं, वासरू सोडू का?" मी सांगितलं की तू आत पाय टाकू नको, दारातून बॅटरी मार आणि काकाला उठव. भावाने येऊन वासरू बाहेर काढलं, तोवर मीही पोचलो. साप विषारी होता की नाही ते कळायच्या आतच तो कुडाच्या फटीतून निघून गेला. त्या रात्री पोराचा फोन लागला, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. सरसकट फोन बंद करून कपाटात ठेवणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. निदान एक साधा बटणांचा फोन रात्री घरात चालू असू द्या.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. मी माझ्या फोनवरून वेळ बदलली तर पोराच्या फोनला नेट मिळेल तेव्हाच ते त्याच्यापर्यंत पोचतं. गावात लाइट बराच वेळ गेली की टॉवरही मान टाकतो, मग बदल अडकून राहतो. जुनं लावलेलं वेळापत्रक मात्र नेट नसतानाही चालतं. अशा वेळी फोन उघडायचाच असेल तर पालकाच्या ॲपमध्ये एक कोड मिळतो, तो पोराच्या फोनवर टाकला की उघडतो. कोड थोड्या वेळाने बदलतो, म्हणून एकदा पाहून पाठ करून भागत नाही. बायकोलाही पालक म्हणून जोडून घ्या. मी शेतात आणि ती घरात असताना निर्णय तिला घेता आला पाहिजे.

पोरं वाटा काढतात हेही खरं. आमच्याने आजीच्या फोनकडे मोर्चा वळवला होता. तिच्या फोनला तिच्या बोटाचं लॉक लावलं, रात्री तो तिच्या उशाशी. शेजारच्या घराच्या हॉटस्पॉटवर जाऊन काही उपयोग नाही, कारण फोनच लॉक असतो. पण एकच फोन सगळं घर वापरत असेल, आणि खेड्यात अशी घरं भरपूर आहेत, तर या ॲपचा आधार धरू नका. मोठ्या माणसाच्या खात्यावर ते चालत नाही. तिथे लॉक बदलणं आणि फोन आईबापाच्या खाटेजवळ ठेवणं एवढंच हातात आहे.

फरक काय पडला? मुलगा सकाळी दोन हाकांत उठतो. पूर्वी त्याची आई त्याला ओढून उठवायची आणि एसटी सुटायची. डोळे लाल नसतात, चिडचिड कमी आहे. मार्क एकदम वाढले असं मी म्हणणार नाही, गणितात तो अजूनही मागे आहे आणि त्याला वेगळी मेहनत लागेल. दिवसाचा गेमही सुटलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत वेळ सैल केली तर चौथ्या-पाचव्या रात्रीपासून पुन्हा एक-दीड वाजायला लागले होते, म्हणून आता सुट्टीतही साडेदहाच्या पुढे जात नाही.

मुलगी मानव विकासच्या निळ्या बसने शाळेत जाते, तिला अजून स्वतःचा फोन नाही. बस उशिरा आली की जिवाला घोर लागतो, म्हणून पुढल्या वर्षी तिला साधासा स्मार्टफोन द्यायचा विचार आहे. ॲपमध्ये मूल कुठे आहे ते नकाशावर दिसतं, त्याचा तिथे उपयोग होईल. तिचा फोन घरी आला की खातं तिच्या खऱ्या जन्मतारखेचं उघडणार आणि साडेनऊची वेळ पहिल्या रात्रीपासून लावणार. तिच्या दादानेच हे तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे.